मागून येणारी चाके

गेल्या फेब्रुवारीत एका पहाटे अमेरिकेतून फोन आला. माझा एक जुना विद्यार्थी मूळचा मुरुडचा, आता कोलोरॅडोत डेन्व्हर शहरात असतो. पहिलेच वाक्य त्याने असे टाकले की माझी झोप उडाली. "सर, आम्ही सगळे सुखरूप आहोत."

त्याने एक कॅरव्हॅन घेतली आहे. म्हणजे मोटारीच्या मागे हुकाला अडकवून न्यायचे चाकांवरचे घर. आत निजायची सोय, ओटा, पाण्याची टाकी. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा हा प्रकार आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही. तर ही मंडळी भर थंडीत रॉकी पर्वत ओलांडून चार दिवस राहून आली. येताना वाटेत आयझेनहॉवर बोगदा लागतो. त्याची उंची समुद्रसपाटीपासून 3,401 मीटर. आपले कळसूबाई 1,646 मीटरचे, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. त्या महामार्गाच्या डोंगरी भागात 1 सप्टेंबर ते 31 मे या काळात बर्फाला योग्य असे टायर मोटारीला हवेत, किंवा चारही चाकांना जोर देणारी गाडी आणि पुरेशा खोल खाचांचे टायर हवेत, नाहीतर चाकांना चढवायच्या साखळ्या जवळ हव्यात, असा कायदाच आहे. माझा विद्यार्थी कायदा पाळणारा. त्याने मोटारीला हिवाळ्याचे नवे कोरे टायर बसवले होते. कॅरव्हॅनला मात्र जुनेच होते. वर्षातून दोनदा फिरणारी गाडी, नक्षी शाबूत होती, बदलायचे कशाला?

बोगद्यातून बाहेर पडून उतार लागला. रस्त्यावर पातळसा बर्फ होता. पुढची गाडी मंदावली म्हणून याने ब्रेकवर पाय ठेवला. "सर, आरशात मागं दिसणारी कॅरव्हॅन एकदम बाजूच्या खिडकीत दिसायला लागली हो!" मिटता चाकू जसा मिटतो तशी मोटार आणि कॅरव्हॅन मिटत गेली आणि कॅरव्हॅन कठड्यावर आदळून थांबली. मोटारीत दोन मुले होती.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला बर्फ ठाऊक आहे तो मासळीच्या पेटीतला. आम्हाला ही कथा कशाला? त्याचे कारण असे की ती ऐकताना मला आमच्याच घरची एक ट्रॉली आठवत होती, आणि तिच्यात माझा स्वतःचा दोष होता.

माझ्या चुलतभावाचा ट्रॅक्टर आहे. तो चिरे, शेणखत, गवत, मिळेल ते वाहतो. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर तो मला विचारायला आला, "दादा, सहा टायर बदलायला झालेत, पैसे दोनाचेच आहेत. काय करू?" मी पडलो अर्थशास्त्राचा माणूस. मी लगेच हिशेब मांडला. ओढायचे काम ट्रॅक्टरचे. तर नवे दोन टायर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना घाल, ट्रॉलीचे गोटा झालेले टायर अजून एक साल काढतील. मागच्याला काय, नुसते फरफटत तर यायचे! भाऊ खूश झाला, मीही झालो.

ऑगस्टात रोह्याकडून केळघरच्या घाटाने मुरुडला येताना, भरल्या ट्रॉलीने त्याचा ट्रॅक्टर उतारावर ढकलत नेला. वळणावर ट्रॉली आडवी झाली. चिरे रस्ताभर पांगले. भाऊ उडी टाकून वाचला. त्याचा डावा पाय अजून पुरता वाकत नाही.

नंतर आमच्या महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या एका सहकाऱ्याने मला खडूने फळ्यावर जो हिशेब करून दाखवला, तोच तुमच्यापुढे ठेवतो. शाळेतल्या गुरुजींनी तो जरूर मुलांकडून करून घ्यावा, त्रैराशिकापलीकडे त्यात काही नाही.

धरून चला की ट्रॅक्टर 2 टनांचा आणि भरलेली चारचाकी ट्रॉली 4 टनांची. घाटाचा उतार पंधराला एक. म्हणजे पंधरा पावले पुढे गेलो की एक पाऊल खाली. अशा उतारावर कोणतीही गाडी आपल्या वजनाच्या साधारण पंधराव्या हिश्श्याच्या जोराने खाली ओढली जाते. एकूण 6,000 किलो, त्याचे पंधरा भाग केले की 400 किलो. एवढा जोर सतत अडवून धरला तरच वेग आहे तेवढाच राहील. थांबायचे तर त्याहून जास्त हवा.

हा जोर अडवायचा कुणी? बहुतेक ट्रॉलींना ब्रेक नसतात. ट्रॅक्टरचे ब्रेक त्याच्या मागच्या दोन चाकांवर, आणि त्या चाकांवर भार सुमारे 1,300 किलो. आता रस्ता चाकाला किती धरतो ते पाहू. 100 किलो भाराला कोरडे डांबर साधारण 70 किलोने धरते, ओले डांबर 40 किलोने, दाबलेला बर्फ 20 किलोने आणि गुळगुळीत गोठलेले पाणी जेमतेम 10 किलोने. ओल्या डांबरावर आपल्या 1,300 किलोंना पकड मिळाली 520 किलोंची. गरज 400 ची. हातात उरले 120. त्यात रस्त्यावर चिखल असेल, पाला कुजला असेल आणि 40 चे 30 झाले, तर पकड उरते 390. गरज मात्र 400 च! दहा किलोंनी आपला माणूस हरला. ट्रॅक्टरचे नवे टायर इथे काय करणार? त्यांचे उंच दाते शेतातल्या चिखलासाठी. सडकेवर तर त्यांचा थोडाच भाग टेकतो.

आणि मागे पाहा. ट्रॉलीच्या चाकांवर 4,000 किलो भार आहे. त्यांना ब्रेक असते आणि टायर धड असते, तर ओल्या रस्त्यावरही 1,600 किलोंची पकड तिथे नुसती पडून होती. चढावर ओढणारा मोठा; उतारावर मागून येणारा मोठा होतो, हे माझ्या हिशेबात आलेच नाही. माझे आजोबा बैलगाडी हाकत. लोखंडी धाव बसवलेल्या त्या चाकांना उतारावर गाडीवान मागे लाकडाचा ओंडका बांधून घसटत आणीत, कारण जू बैलांच्या मानेवरून शिंगांकडे सरकू लागले की काय होते हे त्यांना ठाऊक होते. रबर आले, चाक हलके फिरू लागले, आणि ओंडका आम्ही विसरलो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ट्रॉलीला ब्रेकच नसतील तर उत्तम टायरही तिला थांबवणार नाही. तो फक्त वळणावर ती आडवी जाऊ नये म्हणून धरील. तेव्हा आधी ब्रेक, मग टायर. उलट माझ्या विद्यार्थ्याच्या कॅरव्हॅनला विजेचे ब्रेक होते, पण टायर कडक पडलेले. ब्रेकने चाके जागच्या जागी आवळली, रबराने बर्फ धरला नाही, आणि न फिरणारे चाक आडवे सरकायला मोकळे असते.

कडक का पडले? रबर उन्हाने आणि काळाने वाळते, गाडी फिरो वा न फिरो. उभ्या राहणाऱ्या गाडीची नक्षी नवी दिसते म्हणून आपण फसतो. टायरच्या कडेवर लांबलचक अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असले तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. सहा वर्षांपुढचा टायर जाणकाराला दाखवावा, दहा वर्षांपुढचा वापरू नये. खाचांची खोली पाहायची तर काडेपेटीची काडी खाचेत आडवी ठेवा; ती वर डोकावली तर त्या टायरचा पावसाळा संपला. कायद्याची मर्यादा मोटारीला 1.6 मिलिमीटर आहे, पण पाणी बाहेर फेकायला एवढी खाच पुरत नाही. भाराचाही आकडा कडेवर असतो. मोटारीच्या टायरवर 100 लिहिलेले असेल तर एका टायरला 800 किलो. ट्रॉलीच्या टायरवर पुष्कळदा ए8 अशी खूण दिसते. त्याचा अर्थ ताशी 40 किलोमीटर, उतारावरसुद्धा.

आणि कुणी हिमालयात जाणार म्हणून बर्फाचे टायर आणायला निघाला असेल तर त्याने जरा थांबावे. ते रबर मुद्दाम मऊ केलेले असते, कारण साधे रबर साधारण 7 अंशांखाली ताठर होऊ लागते. डोंगराच्या चित्रात हिमकण अशी त्यांची खूण. आपल्या मे महिन्यातल्या डांबरावर ते लवकर झिजतात. मनालीपलीकडे चार दिवसांसाठी साखळ्या बऱ्या. पण मागे काही ओढत असाल तर त्याच्याही चाकांना साखळ्या घ्या. गारठ्यात टायरातली हवाही उतरते, दर दहा अंशांना दीड-दोन पौंड, म्हणून ती वर पोचल्यावर पुन्हा मोजावी.

विद्यार्थ्याने कॅरव्हॅनला चारही टायर नवे घातले आणि मला त्याचे छायाचित्र पाठवले. मी ते भावाला दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या ट्रॉलीला आता ब्रेक आहेत, टायर चारही नवे आहेत. ट्रॅक्टरला यंदा जुनेच राहिलेत, आणि ते बदलेपर्यंत घाटातले भाडे तो घेत नाही.