न्हाणीघरातील आवाज

बालाघाटजवळचे भरवेली हे गाव मॉइल कंपनीच्या मँगनीजच्या भूमिगत खाणीसाठी प्रसिद्ध आहे. भूमिगत खाणीत उतरणाऱ्याला ऐकण्याची विद्या आधी शिकावी लागते. कामास हात घालण्यापूर्वी डोक्यावरील खडक पहारीने ठोकून पाहावयाचा. आवाज खणखणीत आला तर खडक घट्ट, पोकळ आला तर तो केव्हा निखळेल याचा नेम नाही. हाच कान न्हाणीघरातही उपयोगी पडतो.

तांब्याच्या बंबाची जागा आता अनेक घरी गॅसच्या गीझरने घेतली आहे. बंब धुराने रडवी, पण त्याचे दुखणे उघड दिसे. गीझर पडला पत्र्याच्या पेटीत बंद. त्याचे दुखणे पुष्कळदा आवाजावरूनच ओळखावे लागते.

नळ सोडल्यावर नुसतीच टिकटिक होते आणि ज्योत पेटत नाही, तेव्हा प्रथम सेल बदलून पाहावेत. ज्योत 'भक्' आवाज करून पेटत असेल, तर ठिणगी पडण्यापूर्वीच गॅस आत साचतो असे समजावे. सेल क्षीण झालेले असतील किंवा बर्नरमध्ये धूळ, कोळिष्टके अडकली असतील. असा गीझर कारागिराने पाहीपर्यंत वापरू नये.

किटलीसारखी खदखद ऐकू येते, तिचे कारण बहुधा पाण्यात असते. जड पाणी तापले की त्यातील चुना नळीच्या आतून थर धरतो. थरामागे धातू अतोनात तापतो आणि पाण्याचे बुडबुडे फुटू लागतात. हा थर जाणत्याकडून काढून घ्यावा. तोटी झटकन बंद करताच नळ धाडकन वाजत असेल, तर वाहते पाणी एकाएकी अडल्याचा तो धक्का होय. नळ भिंतीशी पक्का बसवावा आणि तोटी हळू फिरवावी.

गीझर बंद असताही 'स्स्' असा आवाज किंवा गॅसचा वास येत असेल, तर विलंब नको. सिलिंडर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटनास हात लावू नये. हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

परंतु सर्वांत मोठा शत्रू मुका आहे. कोंडलेल्या न्हाणीघरात प्राणवायू अपुरा पडला की ज्योत कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते. त्याला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. डोके दुखते, मळमळते, भोवळ येते आणि कडी आतून लावलेली असते! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी या वायूची सूचना मिळावी म्हणून खाणीत लहान प्राणी नेण्याचा उपाय सुचविला. पुढे ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी कित्येक दशके ते काम करीत होते. घरात असा पक्षी नसतो. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच स्नानास बसावे. थंडीच्या दिवसांत खिडकी उघडी ठेवणे जिवावर येते खरे. परंतु ती बंद ठेवणे जिवावर बेतू शकते.