प्रौढांचें धर्मशिक्षण : ज्युबिली सभेंतील भाषण



आजच्या सभेंत मंदिराच्या बांधकामाविषयीं बरेंच बोलून झालें आहे. मिस्सेनंतर भरणारा प्रौढांचा धर्मशिक्षणवर्ग आम्ही कांहीं वर्षें चालवीत आहों. त्यांत आमचें जें चुकलें, तें आज सांगणें उचित वाटतें.

आरंभीं आम्हीं मुलांचीच प्रश्नोत्तरी प्रौढांपुढें ठेविली. प्रश्न आमचा, उत्तरहि आमचेंच. त्यांनीं तें पाठ म्हणावें. आठवडाभर बांधींच्या चिखलांत वांकून रोवणी केलेल्या माणसास पोरासारखें उभें करून पाठ विचारणें आम्हांस खटकलें नाहीं. वर्ग रोडावला. आम्हीं दोष रोवणीला दिला, मग धानाच्या कापणीला, पुढें मोहफुलांच्या वेचणीला. अखेर एका वृद्ध बाईनें विचारिलें, "बाप्तिस्म्याआधींच गेलं माझं लेकरू. तें कुठं आहे जी?" आमच्या पुस्तकांत त्या प्रश्नाला जागा नव्हती. आम्ही गप्प राहिलों.

वास्तविक मराठींतील पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ एका प्रौढाच्या अशाच मागणीचें निमित्त सांगून सुरू होतो. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. ओव्या सुमारें अकरा हजार. ग्रंथारंभीं एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विनवितो. आशय असा कीं, आपली शिकवण उत्तम आहे, परंतु आमचीं जुनीं पुराणें सुटलीं, त्यांच्या जागीं वाचावयास कांहीं द्यावें. पाद्रीनें त्यास प्रश्नोत्तरी पाठ करावयास धाडलें नाहीं.

पोप दहावे पायस यांनींहि १५ एप्रिल १९०५ च्या विश्वपत्रांत आज्ञा केली कीं, रविवारच्या प्रवचनाखेरीज प्रौढांस मुलांहून निराळ्या वेळीं, त्यांस उमजेल अशा सोप्या भाषेंत शिकवावें. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या इच्छेनुसार १९७२ सालीं प्रौढांच्या ख्रिस्तदीक्षेचा विधि प्रसिद्ध झाला. त्याचा पहिला टप्पाच शोधाचा व विचारपुशीचा आहे.

त्या बाईला उत्तर द्यावयास आम्हांस कित्येक आठवडे लागले. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथांत, परिच्छेद १२६१ मध्यें, तें होतें. अशीं बालकें ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोंपविते. सर्वांचें तारण व्हावें ही देवाची इच्छा आणि येशूची बालकांवरील माया स्मरून त्यांच्याहि तारणाची आशा धरते. बाईनें तें दोनदां वाचावयास लाविलें. मग म्हणाली, "म्हणजे नक्की सांगत नाहीं." खरेंच, नक्की सांगत नाहीं, आशा ठेवावयास सांगतें. त्यावर वर्गांत तासभर बोलणें चाललें. लेकरें गमावलेल्या आणखीहि आया तेथें होत्या, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. आम्हीं बहुतेक ऐकलें.

आतां रोवणीच्या दिवसांत वर्ग रात्रीं जेवणानंतर भरतो, आणि प्रश्न आधीं त्यांचा असतो. प्रश्नोत्तरी आम्हीं टाकिलेली नाहीं. ती मागाहून उघडतों. येत्या वर्गासाठीं एका शेतकऱ्यानें प्रश्न देऊन ठेविला आहे : धान मोजतांना व्यापाऱ्यानें काटा मारिला, तर त्याला क्षमा करावी कीं त्याची तक्रार करावी? आमच्याजवळ उत्तर तयार नाहीं. पूज्य फादरांनीं त्या रात्रीं वर्गास येऊन बसावें, अशी या सभेंत त्यांस विनंति आहे.