सन्मानाचे वेतन आणि न्यायालयाचे दार



१४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी हस्तगत केला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते आणि खानदेशातील तरुण त्यात एकत्र होते. ज्याला भूमिगत राहायचे, त्याने मागे कागद ठेवायचा नसतो. पुढे स्वतंत्र देशाने अशा माणसांचा सन्मान करावयाचे ठरविले, तेव्हा शासनाला साहजिकच कागद मागावा लागला. या दोन गोष्टींच्या मध्ये अनेकांचे अर्ज अडकले आणि त्यांतील काहींचा निकाल न्यायालयात लागला.

केंद्र शासनाने स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. १९८० साली उत्पन्नाची अट दूर होऊन ते सन्मान निवृत्तिवेतन झाले. सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा कारावास किंवा तितकाच भूमिगत काळ ही पात्रतेची अट होती. तुरुंगाचे दफ्तर उपलब्ध नसेल, तर तसा दाखला आणि दीर्घ कारावास भोगलेल्या सहकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडावयाचे असे.

सर्वोच्च न्यायालयाने या योजनेविषयी दोन महत्त्वाचे निर्णय दिले. मुकुंदलाल भंडारी प्रकरणात १९९३ साली न्यायालयाने सांगितले की, केवळ अर्जाला उशीर झाला म्हणून तो नाकारता येणार नाही. हक्क सिद्ध झाल्यास अर्ज पोहोचल्याच्या तारखेपासून वेतन द्यावे. गुरदयाळसिंग प्रकरणात २००१ साली पुराव्याचा प्रश्न आला. फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्यासाठी लागतो तसला काटेकोर पुरावा येथे मागू नये. उपलब्ध पुराव्यावरून काय अधिक संभवनीय दिसते ते पाहावे, असा तो निर्णय होता.

याचा अर्थ चौकशी ढिली करावी असा मात्र नाही. आपल्याच राज्यातील बीड जिल्ह्याच्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फसवणुकीने मिळविलेल्या लाभाला कायद्याचे संरक्षण नाही, हे तेथे स्पष्ट झाले. खोट्या दाव्यामुळे खऱ्या अर्जदाराकडेही संशयाने पाहिले जाते, हे त्यातील मोठे दुःख होय.

अर्ज फेटाळला गेल्यास प्रथम लेखी आदेश मागावा आणि त्यातील कारण वाचावे. नियमांत अपिलाची तरतूद असेल तर मुदतीत अपील करावे. तेथेही दाद न मिळाल्यास घटनेच्या अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयाचे दार उघडे असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील खंडपीठ आहे. तेथे प्रत्येक पुरावा नव्याने तोलला जाईलच असे नाही. निर्णय नियमाला धरून झाला काय, अर्जदाराचे म्हणणे ऐकले काय, कारणे दिली काय, हे मुख्यतः पाहिले जाते. पुष्कळदा प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले जाते. म्हणून मूळ अर्जच नीट भरलेला असणे महत्त्वाचे.

खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधिसाहाय्य मिळते. स्वातंत्र्यसैनिकाच्या पत्नीलाही ते लागू आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे जावे.

आज ते सैनिक फार थोडे उरले आहेत. परंतु १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या योजनांत हाच प्रश्न रोज उभा राहतो. विधवेचा अर्ज “कागद अपुरे” एवढ्याच शेऱ्याने परत न पाठविता कोणता कागद कमी आहे हे अधिकाऱ्यांनी लिहावे. शिक्षकांनी शाळेच्या जुन्या नोंदवहीतील जन्मतारखेचा उतारा शोधून द्यावा. पंचायत सदस्यांनी जन्म-मृत्यूची नोंद वेळीच करवून घ्यावी. शेऱ्याखाली एक ओळ कारण लिहिण्यास चार मिनिटे लागतात; ती न लिहिल्यास एखाद्या वृद्धेला खंडपीठापर्यंतचा प्रवास करावा लागतो, आणि तेवढे आयुष्य तिच्या हाती असेलच असे नाही.