हुद्दा आणि अधिकार
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



आपली मुले चेन्नई-बंगळूरच्या मोठ्या संगणक कंपन्यांत नोकरी करतात. त्यांच्या हुद्द्यांची नावे कानी पडतात. अर्थ मात्र उमगत नाही. माझा भाचा बारा वर्षांनंतरही 'इंजिनियर'च आणि शेजाऱ्यांचा मुलगा 'मॅनेजर', म्हणून आमच्या घरी काही दिवस सुतकच होते म्हणा ना!

वास्तविक तंजावरकरांना हा घोटाळा नवा नसावा. कोकणात कान्होजी आंग्रे 'सरखेल', म्हणजे आरमाराचे प्रमुख. तंजावरच्या दरबारात सरखेल म्हणजे मुख्य कारभारी. शब्द एक, कामे दोन. कंपन्यांतही तसेच. एकीकडचा 'सीनियर' दुसरीकडे कनिष्ठ ठरतो. म्हणून अनेक कंपन्या हुद्द्यामागे श्रेणीचा क्रमांक ठेवतात. जबाबदारी आणि पगाराची मर्यादा त्यावरून कळते. शिवाय तेथे जिने दोन असतात : एक माणसे सांभाळणाऱ्यांचा, दुसरा तंत्रज्ञांचा. हाताखाली एकही माणूस नसलेला 'प्रिन्सिपल इंजिनियर' मॅनेजरहून वरच्या पायरीवर असू शकतो. भाचा त्याच दुसऱ्या जिन्यावर होता, हे आम्हांस उशिरा कळले.

१७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजीराजे 'महाराज' राहिले, सत्ता गेली. तरी सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह त्यांनी वाढविला, आणि आज त्यांचे नाव त्या कार्यामुळेच घेतले जाते.

तेव्हा मुलांना "तुझा हुद्दा कोणता?" असे विचारू नका. "तुझ्या शब्दावर काय ठरते, आणि तुझ्या हातून काय घडते?" एवढेच विचारा.