डाकोटा विमान आणि कामगारांचे हात

(बनशंकरी येथील मेळाव्यातील भाषण)



तरुणपणी आम्ही दोन इंजिनांची डाकोटा विमाने पाहिली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान डाकोटांतूनच श्रीनगरला उतरले, हे सर्वांना ठाऊक आहे. ती विमाने उडती ठेवणारे हात कोणाचे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली याच बंगळूर शहरात विमान कारखाना काढला. महायुद्धात तेथे डाकोटा दुरुस्त होत. युद्धानंतर लष्कराने टाकून दिलेली डाकोटा विमाने तेथील कामगारांनी पुन्हा उडती केली. त्याच कारखान्यात पुढे रेल्वेचे पोलादी डबे बांधले गेले. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रासहून डाकोटा रात्री नागपूरला येत आणि टपालाच्या थैल्यांची तेथे अदलाबदल होई. म्हणजे या विमानाशी रेल्वे आणि टपाल या दोघांचेही नाते आहे.

२०१८ साली ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेले एक डाकोटा हवाई दलात दाखल झाले. याचा आम्हांस आनंदच आहे. पण विमान जपले, तशा कामगारांच्या आठवणीही जपल्या पाहिजेत. प्रत्येक शाखेने निवृत्त बांधवांच्या घरी जाऊन त्यांचे काम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ही माणसे एकेक करून जात आहेत. उशीर नको.

कामगार एकजुटीचा विजय असो!