तरुणांची पाठदुखी : आधी निदान, मग उपचार
(वार्षिक सभेतील भाषण)



पाठदुखी हा उतारवयाचा आजार, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु जुन्नर-आंबेगाव परिसरात ऐन विशी-तिशीतील माणसेही तिने बेजार होतात. नारायणगावच्या बाजारात वीस किलोचे टोमॅटोचे क्रेट उचलणारा हमाल, सातगाव पठारावर बटाटे काढणारी सून, पश्चिम पट्ट्यात भातलावणीसाठी दिवसभर वाकणारा शेतकरी, यांचा प्रपंच पाठीच्या बळावर चालतो. दुखणे लांबले की घाबरलेले कुटुंब थेट शस्त्रक्रियेची चौकशी करते. प्रसंगी जमीन गहाण टाकण्याचाही विचार होतो.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या पाठदुखीस जुनाट म्हणतात. बहुतेकांत तिच्यामागे गंभीर आजार नसतो. एमआरआयमध्ये फुगलेली चकती दिसली, तरी एवढ्याने धीर सोडू नये. कधीही पाठ न दुखलेल्या माणसांतही ती आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये अशा दुखण्यासाठी रुग्णशिक्षण, नियमित व्यायाम व मानसिक आधार यांची शिफारस केली. कमरपट्टा व ट्रॅक्शन हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत, असेही सांगितले.

मात्र काही आजार वेळीच ओळखले पाहिजेत. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ पाठ आखडते, विश्रांतीने दुखणे वाढते आणि हालचालीने कमी होते, असे असल्यास अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा संधिवात असू शकतो. तो बहुधा तरुणपणीच सुरू होतो. औषधे व व्यायामाने आटोक्यात ठेवता येतो. संध्याकाळचा ताप व घटते वजन असल्यास मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करावी. त्याची औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. पायांतील शक्ती जाणे, बैठकीचा भाग बधिर होणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही घडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे शस्त्रक्रियेस विलंब परवडत नाही.

अशा वेळी खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत, तर दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात राखीव असतात.

देणगीदारांस नम्र विनंती, की नव्या यंत्राइतकेच महत्त्व फिजिओथेरपी विभागास द्यावे. आणि आप्तेष्टांनो, दुखणाऱ्या मुलास ‘पडून राहा’ म्हणण्याऐवजी रोज थोडे चालावयास सोबत न्यावे. औषधाइतकेच मोल त्या सोबतीचे आहे.