पिवळा पितांबर

(मंडळाच्या श्रावणातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला फोन करून विषय सांगितला, ‘सणासमारंभातील पुरुषांचा पिवळा पोशाख’, तेव्हा मला आधी वाटले की ते माझी थट्टा करताहेत. आपल्याकडे पैठणीवर बोलणे होते, नथीवर होते. पुरुषांनी काय घालावे यावर भाषण म्हणजे, ‘घाला काहीतरी आणि चला लवकर’ या एका वाक्यात संपण्यासारखा विषय. पण या वास्कोत कापडाच्या दुकानात मी तेहतीस वर्षे ठाणे उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. तेव्हा आणखी कोणाला बोलावणार, हा चिटणीसांचा प्रश्नही बरोबरच होता.

सुरुवात शाळेपासून करतो. व्याकरणाच्या तासाला आम्हांला पुनरुक्तीचे उदाहरण म्हणून ‘पिवळा पितांबर’ शिकवत. पीत म्हणजे पिवळा, अंबर म्हणजे वस्त्र. मग पितांबराला पुन्हा पिवळा कशाला म्हणायचे? ‘गाईचे गोमूत्र’ म्हणण्यासारखेच ते. मी निबंधात हे शब्द लिहिले होते आणि त्याखाली लाल रेघ आली होती. पुढे दुकानात लागलो, तर पहिल्याच चवथीच्या हंगामात एक बाई येऊन म्हणाल्या, “पितांबर दाखवा, लाल.” मागाहून दुसरे गिऱ्हाईक आले, त्यांना जांभळा हवा होता. पूजेला नेसायचे रेशमी वस्त्र ते पितांबर, मग त्याचा रंग कोणताही असो, असा अर्थ लोकांनी केव्हाच करून टाकला होता. त्यामुळे दुकानात ‘पिवळा पितांबर’ ही चूक नव्हती. ती सरळ मागणी होती.

आता हा पिवळा आला कुठून? विष्णू पीतांबरधारी, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक. गणपतीचे मात्र तसे नाही. अथर्वशीर्षात त्याची वस्त्रे तांबडी सांगितली आहेत. तरीही पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या कुठल्याही चित्रशाळेत चवथीच्या आदल्या आठवड्यात जाऊन पाहा, ओळीने बसलेल्या मूर्तींत कितीतरी जणांचे सोवळे पिवळेधमक असते. गुलाबी किंवा शेंदरी अंगावर पिवळे जसे उठून दिसते तसे तांबडे दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे असे मला वाटते. देवाच्या बाबतीतही शेवटी अंगाला काय शोभते ते पाहावे लागते, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे.

दुसरा उगम घरातला, म्हणजे हळद. हळदीने कापड रंगवायला तुरटीबिरटी लागत नाही, ती सुती धाग्याला आणि रेशमाला आपण होऊन धरते. मात्र तिचा रंग टिकाऊ नाही. उन्हात घातला की उडतो, आणि साबण लावला की तांबडा होतो. नव्या सुनेने पहिल्यांदा हळदीचा डाग साबणाने चोळला आणि लाल डाग पाहून घाबरली, असे प्रत्येक घरात एकदा घडलेले असते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकूही पूर्वी हळदीला चुन्याची निवळी देऊनच करत. डाग भरपूर पाण्याने धुवावा, उन्हात टाकावा, बाकीचे काम ऊन करते.

लग्नाच्या हळदीला आमच्या लहानपणी पुरुष मंडळी जुना सदरा नाहीतर नुसते बनियन घालून बसत. जाताना पांढरे जात आणि येताना पिवळे होऊन येत. आता हळदीसाठी आधीच पिवळे कुर्ते शिवतात आणि मग ‘अरे, कुर्त्याला लावू नकोस, नवीन आहे’ म्हणून हळद चुकवत फिरतात! माझी याला हरकत नाही, दुकानाचा त्यावर फायदाच झाला. फक्त सांगणे एवढेच की हळदीसाठी घ्यायचा कुर्ता स्वस्त आणि सुती घ्यावा, आणि मग मनसोक्त माखून घ्यावे.

आता निवडीविषयी. लोक ‘पिवळा द्या’ म्हणतात, पण पिवळा हा एक रंग नाही, ते एक कुटुंब आहे. लिंबू, सोनचाफा, हळद, झेंडू, आंबा, मोहरी. लिंबाचा फिका पिवळा गोऱ्यापान माणसाने जपून घ्यावा. पाहणाऱ्याला कावीळ झाल्याची शंका येते. सावळ्या माणसाला हळद आणि झेंडू इतके सुरेख दिसतात की त्याने उगाच फिके घेऊ नये. आपल्यातले बहुतेक सावळेच, आणि दुकानात येऊन नेमका फिका रंग मागणारेही तेच! ज्यांचे केस माझ्यासारखे पांढरे झाले आहेत त्यांनी मोहरी किंवा जुन्या सोन्यासारखा मंद पिवळा घ्यावा. त्यात वयही शोभते आणि माणूसही.

रंग दुकानाच्या दिव्यात ठरवू नका. मोहरीचा रंग पांढऱ्या ट्यूबलाइटखाली शेवाळी दिसतो, आणि मांडवातल्या पिवळ्या दिव्यांत फिका लिंबू पांढराच वाटतो. ठाण उचलून दारात न्या, उजेडात स्वतःच्या मनगटावर धरा. गिऱ्हाईक ठाण घेऊन दाराकडे निघाले की आमचे मालक अस्वस्थ होत, पण मी कधी कोणाला अडवले नाही. रंग पक्का आहे का ते पाहायला आपला पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या उलट्या बाजूला आत शिलाईजवळ चोळा. रुमाल पिवळा झाला तर ते कापड पावसात काय करील ते समजून घ्या.

आणि भाद्रपदात आपल्याकडे पाऊस असतोच. वर घामाच्या धारा. म्हणून कुर्त्याला सुती किंवा खादी उत्तम. कापड घेऊन शिवणार असाल तर पन्ह्याप्रमाणे अडीच ते तीन मीटर लागेल. शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवा, म्हणजे आटायचे ते आधीच आटेल. खाली पांढरी सुरवार किंवा धोतर. वर पिवळा, खाली पिवळा आणि खांद्यावरही पिवळा घेतला तर माणूस झेंडूच्या माळेसारखा दिसतो. उपरणे तांबडे किंवा गडद हिरव्या काठाचे असले की पिवळ्याला आधार मिळतो.

पूजेचे वस्त्र मात्र वेगळे. कद, मुकटा, पितांबर हे सगळे सोवळ्याचे प्रकार रेशमाचे. जुन्या समजुतीप्रमाणे रेशमाला विटाळ लागत नाही, म्हणून ते निवडले गेले. आज बाजारात ‘आर्ट सिल्क’ म्हणून मिळते ते पुष्कळांना काहीतरी कलाकुसरीचे रेशीम वाटते. ते ‘आर्टिफिशल’चे आर्ट आहे! खरे की खोटे ते कडेचा एखादा धागा जाळून कळते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. धागा काढणे जमत नसेल तर केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 पासून आलेले ‘सिल्क मार्क’चे लेबल पाहावे.

हे मी केवळ पैशासाठी सांगत नाही. तो कडक मणी तुमच्या मुलाच्या मांडीवर होऊ शकतो. समईजवळ बसून पूजा करायची, निरांजन ओवाळायचे, कापूर पेटवायचा, आणि अंगावर वितळणारे कापड, हे मला पाहवत नाही. रेशीम परवडत नसेल तर सरळ पिवळे सुती धोतर नेसा. देवाला चालते. आणि आरतीच्या वेळी उपरण्याची टोके कमरेला खोचा.

कमरेला इलॅस्टिक असलेल्या तयार सोवळ्याला काही वडीलधारे नाके मुरडतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. धोतर नेसता येत नाही म्हणून मुलगा पूजेला बसायचे टाळत असेल, तर शिवलेले सोवळे घालून बसलेला बरा. कापड तेवढे नीट बघून घ्या.

आता एक माझी चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका मंडळाच्या समितीत होतो. मिरवणुकीला सगळ्या पुरुषांनी एकसारखे पिवळे कुर्ते घालायचे, ही सूचना माझी. ‘फोटोत छान दिसेल’ हे कारणही माझेच. साठ कुर्ते सांगितले, प्रत्येकाने आपापले पैसे द्यायचे ठरले. आमच्यात एकजण होता, गोदीत रोजावर काम करणारा. दरवर्षी आरतीला झांजा त्याच्या हातात असत. त्याने कुर्ता नेला नाही. मला वाटले, विसरला असेल.

विसर्जनाच्या दिवशी आम्ही साठजण पिवळेधमक होऊन निघालो. तो रस्त्याच्या पलीकडे धुतलेला पांढरा शर्ट घालून उभा होता. मी हाक मारली. तो म्हणाला, “आज तुमचा सगळ्यांचा एक रंग आहे. मी इथूनच हात जोडतो.” त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच जास्त लागले. पुढे चौकात पावसाची सर आली आणि आमचे कुर्ते रंग सोडू लागले. पांढऱ्या सुरवारींवर पिवळे ओघळ, मूर्ती धरणाऱ्यांचे हात पिवळे. लोक हसले, आम्हीही हसलो. पण मी रात्रभर झोपलो नाही, आणि ते रंगामुळे नव्हे.

आपल्या वास्कोत श्रावणात दामोदर सप्ताहाला अहोरात्र भजन चालते. तिथे कोणी कोणाला विचारत नाही, तू काय घालून आलास म्हणून. गोदी, रेल्वे, शिपयार्ड, आरमार यांच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने पेडण्याहून, डिचोलीहून, सावंतवाडीहून, बेळगावाहून आपले वाडवडील इथे आले, तेव्हा कितीजणांच्या ट्रंकेत दोन कुर्ते होते? सणाचा रंग माणसाला आत घेण्यासाठी असतो. त्यानेच कोणी बाहेर राहिला तर तो रंग कच्चाच म्हणायचा.

पुढच्या वर्षी आम्ही कुर्त्यांचा नियम काढून टाकला. मंडळाच्या पैशातून पिवळ्या सुती कापडाचा एक तागा आणला, त्याची उपरणी फाडली, काठ दुमडून घेतले आणि मांडवाच्या तोंडाशी टोपलीत ठेवली. येणाऱ्याने खांद्यावर एक घ्यायचे, जाताना परत टाकायचे. शर्ट असो, टीशर्ट असो, कामावरचा गणवेश असो, वर तेच उपरणे. त्या वर्षी झांजा पुन्हा त्याच्याच हातात होत्या. मी अध्यक्षांना विनंती करतो की आपल्या मंडळानेही यंदा असा एक तागा आणावा. तो निवडायला आणि रुमाल ओला करून तपासायला मी येईन.

शेवटी थोडे घरचे. आमचे मूळ घर पेडणे तालुक्यात. चवथीला वास्कोतल्या जागेला कुलूप लावून आम्ही सगळे तिथे जातो, तुमच्यापैकी अनेकजण जातात तसेच. माझ्या वडिलांनी बेळगावहून एक पितांबर आणला होता. पूजेला जो बसेल त्याने तो नेसायचा, अशी घरची रीत. वडील नेसले, मग काका, मग थोरला भाऊ, मग मी. घेतला तेव्हा तो सोनचाफ्यासारखा होता म्हणतात. मी नेसलो तेव्हा त्याचा रंग जुन्या तुपासारखा झाला होता आणि एका बाजूला कापराच्या ठिणगीचे भोक होते. आई तो पांढऱ्या सुती फडक्यात बांधून ठेवी, दोन-तीन महिन्यांनी काढून घड्या बदली आणि सावलीतच वारा देई. प्लास्टिकच्या पिशवीत तिने तो कधी घातला नाही. आपल्या हवेत त्यात बुरशी धरते. डांबराच्या गोळ्याही जरीला लागू देत नसे.

गेल्या चवथीला पुतण्या पूजेला बसला. तो पुण्याला असतो. सकाळीच त्याने पिशवीतून नवे तयार सोवळे काढले, लिंबाच्या रंगाचे. मी काही बोललो नाही. हळदीच्या पानांतल्या पातोळ्यांचा वास घरभर पसरला होता, माटोळी बांधून झाली होती, भटजी येऊन बसले होते. तेवढ्यात तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “काका, तो आजोबांचा पितांबर आहे ना अजून? नेसवाल का?”

मी नेसवला. निऱ्या धरताना दोनदा सुटल्या, कारण रेशीम निसरडे असते आणि माझे हातही कापत होते. ठिणगीचे भोक आतल्या निरीत गेले. त्याला तो रंग शोभला का, ते मला सांगता येणार नाही. तेहतीस वर्षे लोकांना रंग सांगितले, पण त्या वेळी मी रंगाकडे पाहिलेच नाही.



गणपती बाप्पा मोरया!